गॉगलवाला चेहरा

"आला काय गो त्याचा निरोप?"

शनिवारी सकाळी मी दुकानात जायला चपला घालत होते, तेव्हा आईनं पाठीमागून विचारलं. बारा दिवस ती रोज हेच विचारत होती.

"अगं, दुकान उघडल्याशिवाय मला कसं कळणार? कॉम्प्युटर दुकानात आहे, माझ्या पदराला बांधलेला नाही."

"बरं, बरं. खेकसू नकोस. आला तर लगेच फोन कर. मी इथंच बसलेय."

इथंच म्हणजे फोनच्या स्टुलाशेजारी. खुर्चीत उशी, पायांखाली दुसरी उशी. पाय सुजून टम्म झालेले. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, महिना, फार तर दीड. मी तिला काही बोलले नाही, पण ती तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. माणसाच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळायचं. त्याच दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली होती, "उल्हासला शोध. मी हाकललं, मीच बोलावीन. माझ्या तोंडानं."

उल्हास माझा भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. बाबा गेले तेव्हा त्याचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर होतं. तो रत्नागिरीला पोचला बेचाळिसाव्या दिवशी. अंगात रंगीत शर्ट, डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल. पायरीशी उभा राहिला आणि आईला बघून किंचित हसला. त्याला भीती वाटली की तो हसायचा, लहानपणापासूनची सवय. पण त्या दिवशी आईला ते कुठलं सुचायला?

"बाप गेला आणि गॉगल घालून हसत येतोस? लाज नाही वाटत? मी बोलावीन तेव्हाच ह्या पायरीवर पाय ठेवायचा. तोवर तोंड दाखवू नकोस मला."

तो आला तसा फिरला. पुढच्या दिवाळीत त्यानं एकदा फोन केला होता. आईनं आवाज ऐकला, रिसीव्हर खाली ठेवला आणि मग दुपारभर तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, "ठेवलास कशाला मग?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" अशी ही दोघं, एकाच मुशीतली. मधल्या मध्ये मी. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आईला दवाखान्यात नेणं, तिचं पथ्य, तिच्या इन्सुलिनच्या सुया, सगळं माझ्याकडे. तो मात्र समुद्रावर. मला त्याचा राग होता, हे आत्ताच सांगून टाकते.

आता त्याला मी शोधला कसा, ते सांगायला हवं.

माळनाक्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, शाळांचे अहवाल. तेव्हा संध्याकाळी काम नसलं की मी 'पडवी'वर बसायची. पडवी म्हणजे इंटरनेटवरचा गप्पांचा फळा. जगभरातली मराठी माणसं तिथं टोपणनावानं काहीबाही लिहायची आणि बाकीचे खाली उत्तरं द्यायचे. हे दोन हजार सातचं सांगतेय. आता फोनवर बोट टेकलं की हसरी, रडकी, हवी ती तोंडं उमटतात. तेव्हा तसं नव्हतं. चित्र हवं असेल तर त्याची खूण टंकावी लागायची. दोन टिंबं, मध्ये 'चहा', परत दोन टिंबं, की वाफाळता कप. तसंच 'कपाळ' लिहिलं की कपाळावर हात मारणारा माणूस. ही चित्रं मी काढायची. नखाएवढ्या चौकोनात माणूस हसवायचा म्हणजे काय खायचं काम नाही. खुणांचा अख्खा तक्ता माझ्या ताब्यात होता आणि तो मला तोंडपाठ होता. नवीन कोणी आलं की मी समजावून सांगायची, "हे यंत्र आहे. तक्त्यातली अक्षरं दिसली की ती खाऊन टाकतं आणि तिथं चित्र ठेवतं. तुमच्या मनात काय होतं, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

पडवीवर 'गलबत' नावाचा एकजण जहाजावरच्या भटारखान्याच्या गमती लिहायचा. लाटांवर आमटी कशी सांडते, चिनी खलाशाला सोलकढी कशी पाजली. प्रत्येक लिखाणाच्या शेवटी सही केल्यासारखा गॉगलवाला हसरा चेहरा. एकदा त्यानं तक्रार केली, "बाई, जहाजावरचं इंटरनेट रडतखडत चालतं. तुमची ती लांबलचक खूण टंकेपर्यंत बंदर येतं. काहीतरी छोटी द्या की." मी दिली. इंग्रजी आठचा आकडा आणि लगेच बंद कंस. मान डावीकडे कलती करून बघितलं तर आठ म्हणजे गॉगल आणि कंस म्हणजे हसरं तोंड. त्यानं उत्तर दिलं, "खूण पावली!" कोणीतरी त्याला विचारलं, सदानकदा गॉगल का हो? तर म्हणाला, "डोळे दाखवण्यासारखे नसले की बरा असतो." सगळे हसले. मीही हसले.

मग एके दिवशी त्यानं लिहिलं की त्याची आई बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं घालायची आणि झाकण काढायच्या आधी त्यावर पळी तीनदा आपटायची, आतल्या माशाला आगाऊ सूचना म्हणून. मी खुर्चीतच ताठ झाले. असं करणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच. मी त्याला व्यनि धाडला. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप, फक्त त्यालाच दिसणारा. "दादा, झाकणावर पळी कोण आपटतं ते मला माहीत आहे."

उत्तर आलं, "बायो! पकडलंस." आणि खालच्या ओळीत गॉगल.

बायो मला फक्त तोच म्हणायचा.

आईला मी हे वर्षभर सांगितलं नव्हतं. तिच्या दुखण्याचं कळल्यावर सांगितलं आणि दादालाही लिहिलं. आई आजारी आहे, किती आजारी आहे, तिला तुला घरी बोलवायचंय, डोळेही अधू झालेत, फोनवरचे आकडे दिसत नाहीत, मी फिरवून देईन, तू नंबर दे. त्यानं जहाजावरून कळवलं, "मी केला तर ती परत ठेवून देईल. तिचा येऊ दे. बारा दिवसांनी बंदराला लागतोय, तिथून नंबर देतो." आता तुम्ही म्हणाल, आई मरायला टेकलीय आणि ह्यांचे मानापमान कसले? मीही तेच म्हणत होते. पण आमच्याकडे असंच.

तर त्या शनिवारी अकरा वाजता दुकानात कॉम्प्युटर लावला आणि त्याचा व्यनि होता.

"बायो, जहाज काल वास्कोला लागलं. सोमवारी सकाळी सुटेल. बंदराजवळ एका खाणावळीत उतरलोय. आज आणि उद्या फोनपासून हलणार नाही. आईला सांग, काही बोलू नकोस, नुसतं ये म्हण. मिळेल त्या गाडीला बसतो, मग जहाज गेलं खड्ड्यात. इथला फोन"

आणि पुढे उघडा कंस, गोव्याचा कोड, नंबर, आणि गॉगल घालून हसणारा चेहरा.

मी तिथूनच घरी फोन लावला. "आई, नंबर आला! वास्कोला आहे. येतेच मी."

"वास्को?" आई म्हणाली. "म्हणजे इथंच की गो!"

कागदावर नंबर उतरवला, शटर ओढलं आणि रिक्षानं घरी. आईनं तोवर चेहऱ्यावरनं ओला हात फिरवून केस सारखे केले होते. फोनवर बोलायला केस कशाला सारखे करायला हवेत, पण केले होते. मी नंबर फिरवला. काहीच नाही. परत फिरवला. एक बाई यांत्रिक आवाजात सांगत होती, नंबर तपासून पाहा. तेव्हा मी आकडे मोजले. कोडनंतर सात हवेत, आणि होते सहा.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"एक आकडा कमी आहे."

"लिहिताना तुझा राहिला असेल."

मी परत दुकानात गेले. परत बघितलं. सहाच. आणि सहाव्याच्या पुढे तो मेला गॉगल घालून हसतोय. उघडलेला कंससुद्धा बंद केला नव्हता त्यानं. मी दिवसभर लग्नपत्रिकांची प्रुफं बघणारी बाई, असा उघडा कंस माझ्या डोळ्यांत खुपतो. मनात म्हटलंसुद्धा, एक काम धड करील तर शपथ.

आणि मग माझं टाळकंच सरकलं. कारण ही त्याची खोड होती. लहानपणी माझी पट्टी, माझी रिबीन लपवायचा आणि अर्धंच सांगायचा. "स्वयंपाकघरात आहे." पुढे? पुढे नुसता हसायचा. विनवण्या केल्या की अजून ताणायचा. मी गप्प बसले की तासाभरात आपणहून यायचा, "घे बायो, डब्यामागे होती." म्हटलं, पन्नाशीला आला, आई अशी, आणि ह्याला अजून खेळ सुचतायत! मी मागायचा आणि ह्यानं खिजवायचं? नाही मागणार. राहिलेला आकडा देईल आपणहून. मी गप्प बसले.

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही.

घरी आले तर आई फोनपाशीच. मी चहा टाकला, तेव्हा ती एकटीच काहीतरी पुटपुटत होती. मी दारातून ऐकलं.

"उल्हास, घरी ये. भात टाकते." मग थोडं थांबून, परत. "उल्हास, घरी ये. भात टाकते."

मला बघून ओशाळली. "रागवायचं नाही असं ठरवलंय मी. ह्यापेक्षा जास्त बोलले की रागवेन, मला माहीत्येय ना. एवढं पुरे ना गो?"

"पुरे," मी म्हटलं.

रविवारी दुकान बंद असतं. तरी सकाळी जाऊन उघडलं. काही नाही. दुपारी परत गेले, काही नाही. जेवायला घरी आले तेव्हा आई म्हणाली, "मी काय म्हणते. एकच आकडा कमी आहे ना? शेवटचाच राहिला असेल. शून्यापासून नवापर्यंत एकेक लावून बघ की. दहा वेळा फिरवायचं, त्यात काय?"

बालवाडीच्या बाईला सुचलं ते मला सुचलं नव्हतं. मला आणखीच राग आला.

"त्याच्या थट्टेपायी दहा परक्या घरांत फोन करू?"

"कर," आई म्हणाली. "माझ्यासाठी कर."

मी दुकानात जाऊन केला. घरून का नाही? आईसमोर नको होतं मला. शून्याला नंबर अस्तित्वात नाही. एकला एक म्हातारे गृहस्थ, कोकणीतून काहीतरी विचारत राहिले. दोनला वाजत राहिला. तीनला एक लहान मुलगी, "पप्पा घरी नाहीत." चारला एक गॅरेज. पाचला झोपमोड झालेला कोणी माणूस, तो मला असं काही बोलला की ते मी लिहू शकत नाही. मी रिसीव्हर आपटला. कान लाल झाले होते. म्हटलं, बास झालं, हे माझं काम नाही.

घरी गेले. आईनं मान वर केली.

"लागला?"

"नाही. दहाही फिरवले. कोणी नाही."

"दहाही?"

"हो म्हटलं ना!"

आईनं उशी काढून मागितली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तशीच पडून म्हणाली, "त्याला यायचंच नसेल. मीही त्या दिवशी जरा जास्तच बोलले." तिचा आवाज ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला. संध्याकाळी सहाला परत दुकान गाठलं आणि दादाला व्यनि लिहिला. एकच ओळ. ती मला आजही जशीच्या तशी पाठ आहे.

"आई म्हणाली, तुझ्याशी बोलायचं नाही. परत त्रास देऊ नकोस."

त्यानं तो वाचल्याचं मला पडवीवर दिसलं. रविवारी संध्याकाळी, साडेसातला. त्यानंतर 'गलबत' पडवीवर कधी आलं नाही.

त्याचं जहाज सुटल्यावर एकोणिसाव्या दिवशी आई गेली. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. मी त्याला लिहिलं, आई गेली. तो निरोप न वाचलेलाच राहिला. मी मनाची समजूत घातली, बापाला आला नाही, आईला आला नाही, असाच तो. राग माणसाला फार उपयोगी पडतो. चार वर्षं मी त्याच्यावर काढली.

मग पडवी बंद व्हायची ठरली. पुण्याचे अभ्यंकर म्हणून गृहस्थ ती चालवायचे, त्यांनी प्रत्येकाला त्याचे निरोप एका फाइलीत घालून पाठवले. वर लिहिलं होतं, "चित्रं येणार नाहीत. ज्यानं जे टंकलं होतं, ते तसंच्या तसं दिसेल." दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. सहज चाळावं म्हणून उघडली. माझ्या कपांच्या, कपाळांच्या जागी नुसत्या खुणा, टिंबं आणि शब्द. दादाचे निरोप लागले. प्रत्येकाच्या शेवटी, एका ओळीवर सुटं, आठ आणि कंस.

मग तो वास्कोचा आला.

उघडा कंस, गोव्याचा कोड, आणि नंबर. मी मोजला. सात आकडे. सातवा आठ. आणि त्याला चिकटून बंद कंस.

खाली सुटी सही नव्हती. त्या निरोपात त्यानं गॉगल घातलाच नव्हता. त्यानं नंबर कंसात लिहिला होता, चारचौघांसारखा, आणि कंस नीट बंदही केला होता. तो आठ आणि तो कंस यंत्रानं खाल्ला. त्याच्यासाठी म्हणून मीच तक्त्यात घातलेली खूण. मला तक्ता तोंडपाठ, मला उघडा कंस दिसलेला, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. आईचं ऐकून अजून तीनदा फिरवलं असतं, सहा, सात, आठ, तरी झालं असतं. मी दुकानात मोठ्यानं रडले. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाई धावत आल्या. त्यांना काय सांगणार? म्हटलं, दाढ दुखतेय.

त्या गेल्यावर मी तो नंबर फिरवला. चार वर्षांनी. दुसऱ्या घंटेला उचलला.

"कोण उलयता?"

"मी रत्नागिरीहून बोलतेय. तुमच्याकडे चार वर्षांपूर्वी एक जहाजावरचे..."

"रत्नागिरी?" ती बाई एकदम मराठीत आली. "भाटकरांच्या आई बोलताय तुम्ही?"

भाटकर म्हणजे आम्हीच. मी उत्तर द्यायच्या आत ती पुढे सुरू झाली.

"अहो, किती वाट बघायला लावलीत त्यांना! मी नाईकबाई. माझीच खाणावळ. ते पहिल्यांदा आले ना, दोन दिवस ह्या फोनसमोर बसून होते, दुसऱ्या संध्याकाळी तेवढे कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. दुसऱ्या कोणाला फोन करू देत नव्हते, मी भांडले त्यांच्याशी. जेवणाचं ताटसुद्धा इथंच. तेव्हापासनं जहाज वास्कोला लागलं की येतात, आणि पहिला प्रश्न, माझ्यासाठी रत्नागिरीचा फोन? मला सांगून ठेवलंय, आई फार मानी आहे, नाही म्हणालीय, पण राग उतरला की करील. करील तेव्हा तिला काही विचारू नका, निरोप तेवढा घ्या."

"मी आई नाही," मी म्हटलं. "बहीण."

"बरं. मग काय सांगू त्यांना? जानेवारीत येतील."

आई गेली, हे एका परक्या बाईच्या तोंडून, खाणावळीच्या दारात, त्याच्या कानावर पडू नये एवढंच मला कळत होतं. मी म्हटलं, "सांगा, आईनं घरी बोलावलंय."

ती बाई फोनवरच आनंदानं ओरडली.

जानेवारीत सोळा तारखेला, सकाळी साडेनऊला, फाटक वाजलं. मी पडद्याआडून बघितलं. केस पिकलेले, पोट सुटलेलं, डोळ्यांवर गॉगल, काखेत एक खोका. पायरीपाशी आला आणि थांबला. पाय वर ठेवला नाही.

"आई," त्यानं हाक मारली. "मी आलोय गो. ये म्हण."

मी बाहेर गेले. तो हसला आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला.

"बायो! केवढी वाळलीस. आई कुठाय? झोपलीय? असू दे, उठवू नकोस, मी थांबतो इथं." मग खोका पुढे केला. "हे बघ, सिंगापूरला घेतला. मोठ्या आकड्यांचा फोन. तू लिहिलं होतंस ना, तिला आकडे दिसत नाहीत. चार वर्षं जहाजावर माझ्या बंकखाली पडून आहे."

मी खोका घेतला नाही. पायरीवर बसले. "दादा, बस."

तो बसला नाही. त्याला कळलं असावं. त्यानं विचारलं, "कधी?"

"चार वर्षं झाली. तुझं जहाज वास्कोहून सुटलं, त्यानंतर एकोणीस दिवसांनी."

मग मात्र तो बसला, एकदम, पायरीच्या खाली, मातीत. मी आत जाऊन त्या वास्कोच्या निरोपाचा छापलेला कागद आणला आणि त्याच्या हातात दिला. काय झालं ते सांगितलं. सहा आकडे, गॉगल, आठ, कंस. मी त्याला खोडी समजले ते सांगितलं. दहाऐवजी सहा वेळा फिरवलं आणि आईला खोटं सांगितलं, तेही सांगितलं. त्यानं गॉगल काढला नव्हता. कागद डोळ्यांजवळ नेऊन तो त्या दोन अक्षरांकडे बघत बसला.

"खूण मीच मागितली होती," तो म्हणाला. "तू कशाला रडतेस, बायो? मीच मागितली होती. यंत्राचं काय चुकलं, आणि तुझं तरी काय?"

इथं मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. तो मला मोकळी करत होता. पण मग त्यानंच विचारलं.

"एवढं सांग. ती खरंच म्हणाली होती? बोलायचं नाही असं?"

"नाही," मी म्हटलं. "ते मी लिहिलं. माझ्या मनानं. तिनं असं काही म्हटलं नव्हतं."

फाटकाबाहेरून एक सायकल गेली. त्यानं कागदाची घडी केली.

"मग काय म्हणणार होती?"

"तिनं पाठ केलं होतं. रागवायचं नाही म्हणून."

"म्हणून दाखव."

"दादा..."

"म्हणून दाखव. जसं ती म्हणाली होती तसं."

मी उठून दारात उभी राहिले. "उल्हास, घरी ये," मी म्हटलं. "भात टाकते."

त्यानं गॉगल काढला. डोळे लालभडक होते. बेचाळिसाव्या दिवशीही असेच असतील, आम्ही काही बघितले नव्हते. बूट काढून त्यानं पायरीखाली जोडीनं ठेवले, माझ्या बाजूनं आत गेला, आणि रिकाम्या घरात म्हणाला, "आलो गो."

तीन दिवस राहिला. आईच्या फोटोसमोर बसायचा. दुपारी स्वयंपाक त्यानंच केला, मला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तो मोठ्या आकड्यांचा फोन आईच्या स्टुलावर जोडून दिला आणि गेला.

आता तो निवृत्त झालाय, वास्कोलाच नाईकबाईंच्या शेजारी खोली घेऊन राहतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा फोन येतो. माझा गुडघा, दुकान, आंब्याचा मोहोर, सगळं विचारतो. मायेनं बोलतो, कधी आवाज चढवत नाही. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा एक अक्षर बोललेला नाही. फक्त त्या सकाळनंतर त्यानं मला बायो म्हटलेलं नाही. "काय रजनी, बरी आहेस ना?" असं विचारतो, आणि मी बरी आहे म्हणून सांगते.